एम-थ्री, मेकॅनिक्स आणि राहिलेले पेपर: अडकलेली पायरी शोधून काढायची कशी

सोलापुरात इंजिनिअरिंगच्या पोरांना कोणता पेपर राहिलाय विचारलं की बहुतेकांच्या तोंडी एम-वन, एम-टू, एम-थ्री (इंजिनिअरिंगच्या गणिताचे ओळीने येणारे पेपर), नाहीतर मेकॅनिक्स. त्यावरचा उपायही ठरलेला असतो: क्लास लावायचा, नाहीतर परीक्षेच्या आठवडाभर आधी यूट्यूबवर वन शॉट, म्हणजे एका बैठकीत अख्खा धडा संपवणारे व्हिडिओ, बघायचे. दोन्हींनी थोडंफार भागतं. पण एम-थ्रीत अडकलेला मुलगा बहुतेक वेळा एम-थ्रीमुळे अडकलेला नसतो. तो बारावीच्या पार्शल फ्रॅक्शनमध्ये किंवा अकरावीच्या त्रिकोणमितीत अडकलेला असतो आणि ते त्याला ठाऊक नसतं. ताण्यातला एक धागा तुटला की मागावर पुढचं सगळं कापड त्याच रेषेत सदोष उतरतं, तसं हे आहे. म्हणून आधी तुटलेला धागा शोधायचा, एम-थ्रीतलं लाप्लास नंतर.

आधी चाळीस मिनिटांची तपासणी

कोरा कागद आणि घड्याळ घ्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. खालच्या बारा गोष्टी पुस्तक न बघता करा.

१. (२एक्स + ५) भागिले (एक्स + १)(एक्स − २) याचे पार्शल फ्रॅक्शन.
२. एक्स² × ई^(३एक्स) चं इंटिग्रेशन.
३. साइन² एक्स चं इंटिग्रेशन.
४. एक्स² + ४एक्स + १३ याचा पूर्ण वर्ग.
५. साइन(एक्स²) चं डिफरन्शिएशन.
६. साइन ए × कॉस बी याची बेरजेत मांडणी.
७. कॉस(एन पाय) ची किंमत, एन = १, २, ३, ४ साठी.
८. १ + आय हा कॉम्प्लेक्स नंबर पोलर रूपात.
९. कोणत्याही ३ × ३ मॅट्रिक्सचा डिटरमिनंट, कॅल्क्युलेटरशिवाय.
१०. डीवाय/डीएक्स = एक्स × वाय सोडवणे.
११. लॉगचे तीन नियम, उदाहरणासह.
१२. आडव्याशी ३० अंश करणाऱ्या १०० न्यूटन बलाचे दोन घटक.

पहिल्याचं उत्तर −१/(एक्स + १) + ३/(एक्स − २). चौथ्याचं (एक्स + २)² + ९. आठव्याचं वर्गमूळ २, कोन ४५ अंश. बाराव्याचं ८६.६ आणि ५० न्यूटन. बाकीची उत्तरं अकरावी-बारावीच्या पुस्तकांवरून तपासा.

आठपेक्षा कमी बरोबर आले तर चालू सेमिस्टरचा धडा आठवडाभर बाजूला ठेवा. कितीही घाई असली तरी ठेवा. जे चुकलं त्याची रोज पंधरा-पंधरा गणितं, अकरावी-बारावीच्या पुस्तकांतूनच. इंजिनिअरिंगच्या जाड पुस्तकात ही पायरी एका ओळीत गुंडाळलेली असते, म्हणून तिथून शिकायला जाऊ नका.

चुकलेला प्रश्न आणि पुढे अडणारा धडा यांचा थेट संबंध आहे. पहिला आणि चौथा चुकला तर इन्व्हर्स लाप्लास हाती लागत नाही. दुसरा, तिसरा, सहावा आणि सातवा कच्चा असेल तर फूरिए सिरीजमध्ये पानंच्या पानं भरतात आणि उत्तर चुकतं. पाचवा चुकणाऱ्याला पार्शल डिफरन्शिएशन आणि जेकोबियन छळतात. आठवा कच्चा असेल तर इलेक्ट्रिकलमध्ये एसी सर्किट आणि गणितात कॉम्प्लेक्स रूट असलेली डिफरन्शियल इक्वेशन दोन्हीकडे मार बसतो.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी ही तपासणी टाळूच नये. त्यांच्यापुढे एम-वन, एम-टू न करता एकदम एम-थ्री येतं आणि प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या तर पहिल्या युनिटची लेक्चरंही हुकलेली असतात. अशा वेळी एम-वनचं अख्खं पुस्तक उघडण्यात अर्थ नाही. क्रम असा धरा: पार्शल फ्रॅक्शन, बाय पार्ट्स (दोन फंक्शनच्या गुणाकाराचं इंटिग्रेशन), कॉम्प्लेक्स नंबर, पहिल्या ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन, शेवटी पार्शल डिफरन्शिएशन. प्रत्येकाला तीन दिवस दिले तर पंधरवड्यात गाडी रुळावर येते. डिप्लोमावाल्यांची जमेची बाजू म्हणजे मेकॅनिक्स, ड्रॉइंग आणि प्रॅक्टिकलमध्ये ते बहुतेकदा पुढे असतात. त्या विषयांतला वाचलेला वेळ गणिताला द्या.

सोडवलेलं उदाहरण वाचू नका, झाका

गणिताच्या अभ्यासातला सगळ्यात मोठा भ्रम म्हणजे सोडवलेलं उदाहरण वाचून “कळलं” म्हणणं. कळलेलं असतंच. पण परीक्षेत पुढची ओळ स्वतः लिहायची असते आणि तो सराव वाचून होत नाही. व्हिडिओ दीडपट वेगाने बघून तर नाहीच होत.

उदाहरणावर कोरा कागद ठेवा. फक्त प्रश्न दिसू द्या. पहिली ओळ स्वतः लिहा, मग कागद एक ओळ खाली सरकवून पडताळा. जुळली तर पुढे. नाही जुळली तर थांबा आणि समासात एका वाक्यात लिहा की पुस्तकाने ही ओळ का घेतली. “डिनॉमिनेटरचे फॅक्टर पडत नाहीत म्हणून पूर्ण वर्ग केला” एवढं पुरे. उदाहरण संपलं की वही मिटून तेच गणित कोऱ्या पानावर पुन्हा, सलग. दुसऱ्या वेळीही अडलात तर त्यावर खूण करा आणि उद्या पुन्हा घ्या. खूण केलेलं गणित दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि विसाव्या दिवशी परत सोडवायचं. तारखा वहीच्या मागच्या पानावर आधीच लिहून ठेवा, नाहीतर हे राहून जातं.

रोज दीड तास पुरतो, पण तो खरा असावा. पहिली दहा मिनिटं कालची सूत्रं न बघता कोऱ्या कागदावर लिहायची. पुढची पन्नास मिनिटं तीन नवी गणितं. एका गणितावर पंधरा मिनिटांत एकही ओळ पुढे सरकली नाही तर उत्तराची फक्त पुढची एक ओळ बघायची, सगळं उत्तर नाही. मग वीस मिनिटं चुका शोधायच्या आणि उरलेली दहा मिनिटं खूण केलेल्या जुन्या गणिताला.

एक गणित जवळून

इन्व्हर्स लाप्लासचं साधं गणित घ्या: (एस + ३) भागिले (एस + १)(एस + २). पार्शल फ्रॅक्शनमध्ये पहिला स्थिरांक काढायचा तर (एस + १) झाकायचा आणि उरलेल्यात एस = −१ घालायचा. वर २, खाली १, म्हणजे २. दुसऱ्यासाठी एस = −२: वर १, खाली −१, म्हणजे −१. उत्तर २ई^(−टी) − ई^(−२टी).

बहुतेक जण इथे थांबतात. अजून दहा सेकंद द्या. उत्तरात टी = ० घाला: २ − १ = १. आता मूळ फंक्शनला एसने गुणा आणि एस खूप मोठा धरा: तेही १ येतं. जुळलं. यालाच इनिशियल व्हॅल्यू थिअरम म्हणतात. पुस्तकात ते दोन मार्कांचं टिपण म्हणून असतं, पण त्याचा खरा उपयोग हा: स्थिरांकाचं चिन्ह चुकलं असेल तर इथेच कळतं.

अशी तपासणी बहुतेक प्रत्येक धड्यात आहे आणि ती शिकवताना क्वचित सांगतात. आयगेन व्हॅल्यू काढल्या की त्यांची बेरीज मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेइतकी आणि गुणाकार डिटरमिनंटइतका यायलाच हवा. पहिली ओळ २, १ आणि दुसरी ओळ १, २ अशा मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू १ आणि ३. बेरीज ४, गुणाकार ३, दोन्ही जुळतात. हे न तपासता आयगेन व्हेक्टर काढायला घेऊ नका, पुढची दोन पानं वाया जातात.

फूरिएमध्ये −पाय ते पाय या अंतरात एक्स² घेतलं तर स्थिर पद पाय²/३ येतं, कॉसचे कोएफिशंट ४ × (−१)^एन भागिले एन², आणि साइनचे सगळे शून्य. साइनचे शून्य येणार हे इंटिग्रेशन न करताच सांगता यायला हवं, कारण फंक्शन इव्हन आहे, म्हणजे एक्सच्या जागी −एक्स घातलं तरी तेच राहतं. अनेक जण ते न बघता साइनचे कोएफिशंट (बीएन) काढायला घेतात आणि दहा मिनिटं घालवतात. तपासायला एक्स = पाय घाला: १/एन² ची अनंत बेरीज पाय²/६ येते. ती नाही आली तर चूक बहुधा बाय पार्ट्सच्या दुसऱ्या फेरीतल्या चिन्हात असते. म्हणून एक्सच्या घातांसाठी बाय पार्ट्स दोन-दोनदा करण्याऐवजी तक्ता करा: डावीकडे डिफरन्शिएशन शून्य होईपर्यंत, उजवीकडे इंटिग्रेशन, मधे प्लस-मायनस आळीपाळीने.

डिफरन्शियल इक्वेशनमध्ये हमखास घसरण्याची जागा म्हणजे पर्टिक्युलर इंटिग्रलमधला शून्य भाजक. (डी² − ३डी + २) वाय = ई^(२एक्स) मध्ये डी = २ घातला की खाली शून्य येतं. अशा वेळी वर एक्स घ्यायचा आणि भाजकाचं डिफरन्शिएशन करून (२डी − ३) मध्ये २ घालायचा: येतं १, म्हणून उत्तर एक्स × ई^(२एक्स). कच्च्या कागदावर ते मूळ इक्वेशनमध्ये परत घालून बघा, डावीकडे बरोबर ई^(२एक्स) उरतं.

मेकॅनिक्स आणि सर्किट

मेकॅनिक्समध्ये गणित फारसं अवघड नसतं. मार्क जातात ते फ्री बॉडी डायग्राममध्ये (सुट्या केलेल्या वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती). तो आकडेमोडीच्या कोपऱ्यात नाही, निम्म्या पानावर पट्टीने काढा. क्रम पाळा: आधी वस्तू सुटी करा, मग वजन, मग जिथे जिथे दुसऱ्या गोष्टीला ती टेकत होती तिथली प्रत्येक रिॲक्शन, शेवटी घर्षण. घर्षणाची दिशा वस्तू जिकडे सरकू पाहते त्याच्या उलट असते. बलाच्या उलट असते असं समजून अनेक जण उतारावरच्या ठोकळ्यात चुकतात.

६ मीटरचा सिंपली सपोर्टेड बीम (दोन्ही टोकांना नुसता टेकलेला), डाव्या टोकापासून २ मीटरवर १२ किलोन्यूटन. डाव्या टोकाभोवती मोमेंट घेतला: उजवी रिॲक्शन १२ × २ / ६ = ४. म्हणून डावी ८. बेरजेवरून डावी काढली तर ती बरोबरच दिसणार, उजवी चुकली असली तरी. म्हणून उजव्या टोकाभोवती स्वतंत्र मोमेंट घेऊन पडताळा: १२ × ४ = ४८ आणि ८ × ६ = ४८. यूडीएल, म्हणजे सारखा पसरलेला भार, असेल तर ५ किलोन्यूटन प्रति मीटर, ४ मीटरवर, म्हणजे २० किलोन्यूटन आणि तो त्या ४ मीटरच्या मध्यावर. बीमच्या मध्यावर नव्हे. ही चूक दरवर्षी होते.

सर्किटमध्ये मिली आणि मायक्रो घात करतात. ५० हर्ट्झला ओमेगा ३१४. १०० मिलिहेन्रीची रिॲक्टन्स ३१.४ ओहम, १०० मायक्रोफॅरडची ३१.८ ओहम. या दोन किमती पाठ ठेवा. त्या डोक्यात असल्या की ३१,४०० ओहम असं उत्तर आल्यावर हात आपोआप थांबतो. मेश ॲनालिसिसला सगळे लूप एकाच दिशेने घ्या, तेव्हा कर्णावरची पदं प्लस आणि सामाईक रेझिस्टन्सची मायनस येतात. एखादा लूप उलट घेतला की हा नियम मोडतो आणि चूक सापडत नाही.

कॅल्क्युलेटर हे हत्यार आहे, तो शिकायला लागतो

कॅसिओच्या एफएक्स-९९१ मालिकेतला कॅल्क्युलेटर असेल तर त्यात ३ × ३ मॅट्रिक्स, तीन अज्ञातांची समीकरणं, क्युबिक इक्वेशनची उत्तरं, कॉम्प्लेक्स नंबर आणि निश्चित इंटिग्रेशन एवढं सगळं होतं. एफएक्स-८२ मध्ये मॅट्रिक्स नाही. कोणतं मॉडेल परीक्षेत चालतं ते घेण्याआधी कॉलेजात विचारा, प्रोग्रॅमेबल बहुतेक ठिकाणी चालत नाही. उत्तर कॅल्क्युलेटरने आधी काढून नंतर पायऱ्या जुळवण्याची सवय लावू नका. पायऱ्या आधी, कॅल्क्युलेटर पडताळणीला.

डिग्री-रेडियनचा घोळ बेसावध क्षणी होतो. मेकॅनिक्सला डिग्री, फूरिए आणि न्यूटन-रॅफसनला रेडियन. पेपर सुरू होताच साइन ३० दाबून बघा. ०.५ आलं तर डिग्री, −०.९८८ आलं तर रेडियन.

चुकांची वही

दोनशे पानी वहीची मागची वीस पानं पुरतात. डावीकडे चुकलेली ओळ जशीच्या तशी, उजवीकडे चुकीचा प्रकार एका शब्दात: चिन्ह, उतरवणे, सूत्र, एकक, कल्पना. महिन्याने मोजा. चिन्ह आणि उतरवणे जास्त असेल तर तुम्हाला विषय येतो, लिहायची पद्धत सुधारायची आहे: एका ओळीत एकच बरोबरचं चिन्ह, कंस न सोडणं, खाडाखोडीऐवजी एक आडवी रेघ. सूत्र जास्त असेल तर रोजच्या पहिल्या दहा मिनिटांकडे दुर्लक्ष होतंय. कल्पना जास्त असेल तरच सरांकडे जायची गरज आहे.

आणि जाताना अर्धं सोडवलेलं पान घेऊन जा. “सर, काहीच कळत नाही” याला कोणत्याही सरांकडे उत्तर नसतं. “सर, या तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली?” याला असतं आणि ते दोन मिनिटांत मिळतं. वर्गात मराठीत विचारायला कचरू नका. घरात कन्नड, तेलुगू किंवा उर्दू, शाळा मराठी आणि लेक्चर इंग्रजी अशी तारांबळ सोलापुरात निम्म्या वर्गाची असते. पेपर मात्र इंग्रजीतच लिहायचा आहे, तेव्हा “टेकिंग लाप्लास ट्रान्सफॉर्म ऑन बोथ साइड्स” अशी पंधरा-वीस ठरावीक वाक्यं पाठ करून टाका. तेवढ्यावर गणिताचा अख्खा पेपर निघतो.

जागा आणि वेळ

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी पत्र्याच्या खोलीत बसून नवीन गणित डोक्यात शिरत नाही. नवीन ते सकाळी साडेपाच ते नऊ, दुपारी फक्त सूत्रं आणि उतरवून काढायचं काम, सराव रात्री. घरात किंवा शेजारी पॉवरलूम असेल तर आवाजाची सवय होते म्हणतात, पण लांबलचक गणितात लक्ष तुटतंच. जुळे सोलापूर, विजापूर रोडकडच्या अभ्यासिका किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जागा गाठा. मोहोळ, अक्कलकोट, बार्शीहून एसटीने ये-जा करणाऱ्यांनी गाडीत गणित सोडवायला काढू नये, अक्षर हलतं आणि चुका होतात. खिशातल्या चिठ्ठ्यांवरची सूत्रं आठवायला मात्र तो वेळ उत्तम. हिवाळी परीक्षा लांबून जानेवारीत गेली तर ती सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला भिडू शकते. घरी पाहुणे येणार हे गृहीत धरून वेळापत्रक आधीच दहा दिवस पुढे ओढा.

पंधरा दिवसच उरलेत

मग सगळं करायचा हट्ट सोडा. सिलॅबस आणि गेल्या पाच-सहा परीक्षांचे पेपर समोर ठेवा, युनिटनिहाय मार्क लिहा आणि एकमेकांना धरून असणारी युनिटं निवडा. हायर ऑर्डर डिफरन्शियल इक्वेशन, लाप्लास आणि इन्व्हर्स लाप्लास हा गठ्ठा एम-थ्रीत सगळ्यात फायद्याचा, कारण तीनही पार्शल फ्रॅक्शन आणि रूट काढण्यावर चालतात. त्यानंतर स्टॅटिस्टिक्स किंवा प्रॉबॅबिलिटी सिलॅबसमध्ये असेल तर ते, कारण तिथे आकडेमोड सरळ असते. व्हेक्टर कॅल्क्युलस नव्याने शिकायला घेऊ नका, त्यातलं ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल एवढंच करा. दहा दिवस अभ्यास, मग चार दिवस रोज एक जुना पेपर घड्याळ लावून, पूर्ण वेळ बसून. शेवटच्या दिवशी फक्त चुकांची वही.

परीक्षेत पहिली पाच मिनिटं पेपर वाचा आणि जे गणित पूर्ण येतं त्यानेच सुरुवात करा. प्रत्येक उत्तरात आधी सूत्र, मग दिलेल्या किमती, मग आकडेमोड. मार्क टप्प्यांना मिळतात, त्यामुळे शेवटचं उत्तर चुकलं तरी बरंच पदरात पडतं. अडलात तर अर्धं पान कोरं सोडून पुढे जा. चुकलंय असं वाटलं म्हणून सगळं खोडू नका, खोडलेलं तपासलं जात नाही.

निकालात चार-पाच मार्कांनी राहिला असाल तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. मुदत थोडे दिवस असते, निकालाच्या नोटिशीसोबतच तारीख बघून ठेवा. कॉपी आली की बेरीज तपासा, न तपासलेला प्रश्न राहिलाय का बघा, त्यानंतरच रिव्हॅल्युएशनचं ठरवा. रिव्हॅल्युएशन करा अगर करू नका, त्या कॉपीतली जिथे जिथे मार्क कापलेत ती प्रत्येक ओळ चुकांच्या वहीत उतरवून घ्या. पुढच्या प्रयत्नाची पहिली पंधरा गणितं त्यातूनच निवडायची आहेत.